डाव्या बरगडीखालची कळ

शाळा-कॉलेजांच्या परीक्षा संपत आल्या की माझ्या दवाखान्यात एक वेगळाच कागद येऊ लागतो. पेशंट खुर्चीवर बसतसुद्धा नाही. उभ्या उभ्या घडी उलगडतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, इथं फक्त सही पाहिजे होती जी." कागदाचे नाव फिटनेस सर्टिफिकेट. पूर्वी तो अमरनाथचा किंवा केदारनाथचा असायचा. मग लेह-लडाखचा आला. आणि २०२३च्या दिवाळीनंतर पवनारच्या माझ्या टेबलावर जो कागद आला तो थेट आफ्रिकेचा होता. सहा दिवस किलिमांजारो पर्वत, त्यानंतर पाच दिवस जंगल सफारी.

कागद आणणारे गृहस्थ आमच्याच परिसरातले निवृत्त शिक्षक. वय ५९. आपण त्यांना गुरुजीच म्हणू. (त्यांची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.) मुलगी पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरीला. तिच्या ऑफिसातली दहा-बारा मंडळी चालली होती, आणि "बाबा, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवला, आता एकदा पाहून या" असे म्हणून तिने वडिलांचेही पैसे भरून टाकले होते. गुरुजींना आठ वर्षांपासून मधुमेह, सोबत रक्तदाबाची एक गोळी. प्रकृती काटक. रोज पहाटे धाम नदीच्या काठाने सेवाग्रामच्या दिशेने चालायला जाणारा माणूस.

"गुरुजी, सही आज मिळणार नाही," मी म्हणालो.

"काहून जी? मी काय म्हातारा झालो का?"

सही न देण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे कळेल.

२०११ साली आमच्याकडचे एक दुकानदार सहकुटुंब लेहला गेले. जाण्यापूर्वी असाच कागद घेऊन आले होते. मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली आणि पाच मिनिटांत सही ठोकली. लेह हे गाव ३५०० मीटर उंचीवर आहे आणि ही मंडळी विमानाने थेट तिथे उतरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. खोकला आहे, दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. मी इथे पंख्याखाली बसून सांगितले, "थंडीचा खोकला असेल, सिरप घ्या, अँटिबायोटिक सुरू करा, आराम पडेल." आराम पडायचा नव्हताच. त्यांच्या फुप्फुसात पाणी साचत होते. मध्यरात्री बोलता येईना तेव्हा हॉटेलवाल्याने तिथल्या दवाखान्यात नेले, ऑक्सिजन लावला गेला, चार दिवसांनी खाली आणले. माणूस वाचला, आजही दुकानात बसतो आणि मला नमस्कारही करतो. पण ती चूक माझी होती. उंचीवर गेलेल्या माणसाला बसल्या जागी दम लागणे म्हणजे सर्दी नव्हे, हे मला एम.बी.बी.एस.च्या पुस्तकात वाचलेले असूनही त्या फोनवर आठवले नाही. मी स्वतः चिखलदऱ्यापेक्षा उंच कधी गेलेलो नाही, ही सबब मी कोणाला सांगत नाही.

तेव्हापासून असा कागद आला की मी तो ठेवून घेतो आणि पुन्हा बोलावतो.

आता हा किलिमांजारो काय प्रकार आहे ते पाहू. टांझानिया देशात, केनियाच्या सीमेला लागून असलेला हा जुना ज्वालामुखी, उंची ५८९५ मीटर. आफ्रिका खंडातले सर्वांत उंच ठिकाण. शिखराचे नाव उहुरू, म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. १९६१ साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हाचे हे नाव. गंमत अशी की या डोंगरावर दोर, कुदळी, बर्फात खिळे मारणे असले काही लागत नाही. नेहमीच्या वाटांनी चांगल्या पायाचा माणूस चालतच वर जातो. सोबत वाटाड्या, सामान वाहणारे, स्वयंपाकी असतात. म्हणून लोकांना ते सोपे वाटते, आणि धोका नेमका तिथेच आहे. पाय थकत नाहीत म्हणून माणूस चढत राहतो आणि डोके मागे राहते.

आपले वर्धा-पवनार समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर. शिखरावर हवेचा दाब आपल्या इथल्या जवळजवळ निम्मा. हवेत ऑक्सिजनचा वाटा तोच असतो, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक हाती निम्मेच पडते. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला दिवस लागतात. सर्वमान्य नियम असा की २५०० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम करावा. आता या मंडळींची वाट पाहा. मारंगू नावाची ही वाट. पहिला मुक्काम मंदारा, २७२० मीटर. दुसरा होरोंबो, ३७२० मीटर. तिसरा किबो, ४७२० मीटर. म्हणजे रोज हजार हजार मीटर! आणि किबोला पोचल्यावर त्याच मध्यरात्री उठून शिखराकडे निघायचे. जो नियम डॉक्टर सांगतात त्याच्या दुप्पट वेगाने हा कार्यक्रम आखलेला. होरोंबोला एक रात्र जास्त घेतली की थोडे बरे. यांच्या सहा दिवसांत ती होती. पाच दिवसांचा स्वस्त कार्यक्रमही मिळतो. माझा सल्ला विचाराल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

इथे तरुणांना एक सांगतो. तुम्ही दर रविवारी सिंहगड चढता, व्यायामशाळेत जाता, उत्तम आहे. पण व्यायामाने उंचीचा आजार टळत नाही. उलट दमदार पोरे भराभर वर जातात आणि आधी आडवी होतात. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. ती मुलेही आपल्यासारखीच मैदानातली, उन्हातली. पण त्यामागे कित्येक महिन्यांची तयारी होती. ऑफिसच्या दोन आठवड्यांच्या रजेत तसे होत नसते.

गुरुजींची तपासणी मी दोन टप्प्यांत केली. पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आला. किडनी, डोळ्याचा पडदा, पायाच्या संवेदना पाहिल्या. साखरेच्या गोळ्यांत एक गोळी अशी होती की जी उपाशीपोटी आणि श्रमात साखर एकदम खाली आणते. ती चढाईच्या दिवसांपुरती कमी केली. थंडीत आणि उंचीवर साखर मोजायचे यंत्र चुकीचे आकडे दाखवू शकते, म्हणून ते अंगालगत आतल्या खिशात ठेवायला सांगितले. आणि मग स्पष्ट म्हणालो, "गुरुजी, तुम्ही होरोंबोपर्यंत जा. दोन रात्री तिथे बसा, ढग खाली बघा. त्यापुढे नको." थोडे हिरमुसले, पण मानले. शिक्षक माणूस, एकदा पटले की पटले.

मग त्यांनी हळूच दुसरा कागद काढला. मुलीचा. "तिले सुट्टी नाही, पुण्याहून येऊन नाही राहिली. तिच्यावरही सही मारून द्या ना. ती तर तरणीताठी आहे."

कागदावर एक रकाना होता, रक्ताचा काही विकार आहे काय? गुरुजींनी तिथे 'नाही' असे लिहून आणले होते.

माझ्या कपाटात या घराची जुनी फाइल आहे. त्या मुलीच्या शाळेत बारा-तेरा वर्षांपूर्वी रक्ततपासणीचे शिबिर झाले होते, आणि पुढच्या तपासणीत तिचा अहवाल 'एएस' आला होता. म्हणजे सिकलसेलची वाहक. आईचे रक्त तपासले तर तीही वाहक निघाली. गुरुजी निर्दोष. तेव्हा वहिनींनी माझ्यासमोर हात जोडले होते. "कोणाले सांगू नका जी. पोरीचं लग्न व्हायचं आहे." मी कोणाला सांगितले नाही, ते माझे कामच. पण त्या घरात हा विषय पुन्हा कधी निघालाच नाही. आणि मुलीला? तिला एवढेच सांगितलेले की तुझे रक्त जरा कमी आहे.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल नवीन नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ झाला. २०२३च्या जुलैत केंद्र सरकारने हा आजार संपवण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिची मुदत २०४७. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मूल 'एसएस', म्हणजे रोगी. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. रोग्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, अंग फाटल्यासारखे दुखते. वाहकाला मात्र काहीच होत नाही. तो शेती करतो, पोलिसात भरती होतो, बाळंतपणे होतात, साठी-सत्तरी गाठतो. मीही गावोगाव हेच सांगत आलो आहे की वाहक म्हणजे रोगी नव्हे.

ते खरेच आहे. फक्त एक अपवाद मी सांगायचा राहून जात असे, कारण आपल्या इथे त्याचा संबंध येत नव्हता. अतिशय उंचीवर, जिथे ऑक्सिजनच कमी, तिथे वाहकाच्या पेशीही कधी कधी वाकतात. आणि त्या अडकतात विशेष करून पाणथरीत, प्लीहेत. प्लीहा असते पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड. तिच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. हे क्वचित घडते. बहुतेक वाहक उंचीवर जाऊन सुखरूप परत येतात. पण घडते ते घडते.

मी गुरुजींना म्हणालो, मुलीशी मी स्वतः बोलणार आणि सगळे खरे सांगणार. ती सज्ञान आहे, रक्त तिचे आहे. गुरुजी बराच वेळ फरशीकडे पाहत बसले. शेवटी म्हणाले, "तिच्या आईले तुम्हीच सांगा मग."

मुलगी दोन रविवारांनी आली. आधी चिडली. माझ्यावर नाही, घरच्यांवर. मग शांतपणे प्रश्न विचारले. हुशार मुलगी आहे. "काका, तुम्ही जाऊ नको म्हणता का?" मी म्हणालो, "नको म्हणण्याइतका धोका आहे असे मी सांगू शकत नाही. नाहीच असेही सांगू शकत नाही." त्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, माझेही नाही. एसएस असती तर मी दारातच आडवा झालो असतो. शेवटी ठरले ते असे. फॉर्मवर खरे लिहायचे. वाटाड्याला आणि गटातल्या एका मैत्रिणीला माहिती द्यायची. पाणी भरपूर, चाल मंद. आणि डाव्या बरगडीखाली दुखले की, शिखर दहा पावलांवर असले तरी, पाठ फिरवायची. हे शेवटचे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

अॅसिटाझोलामाइडची गोळी दोघांनाही दिली. डायमॉक्स म्हणतात ती. ही चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात. शरीराला उंचीची सवय लवकर लागते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते, सोडा-कोकची चव बिघडते. सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना तसे सांगावे. लक्षात ठेवायचे ते हे की ही गोळी सवय लावण्यासाठी आहे. आजारी पडल्यावर वर चढत राहण्याचा परवाना नव्हे. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणे ही उंचीच्या आजाराची सुरुवात. तिथेच थांबावे. दुसऱ्या दिवशी न उतरल्यास खाली यावे. जमिनीवर सरळ रेघ धरून, टाचेला पंजा लावत चालता आले नाही, माणूस झोकांड्या खाऊ लागला किंवा भलतेच बोलू लागला, तर मेंदूला सूज येते आहे. बसल्या जागी दम आणि खोकला म्हणजे फुप्फुस. या दोन्हींत सकाळची वाट पाहू नये, रात्रीच खाली आणावे.

पुढे जंगलाची तयारी. विमान मुंबईहून नैरोबी, तिथे एक रात्र, मग पुढे. केनियातून येणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड लागते. टांझानियात शिरतानाही, आणि भारतात परततानाही. नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून घरी न जाता सहा दिवस वेगळे राहावे लागू शकते. कारण साधे आहे. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्या प्रत्येक कूलरमध्ये बसला आहे. ठिणगी तेवढी यायची बाकी. ही लस केंद्र सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, माझ्यासारख्याकडे नाही. निघण्यापूर्वी निदान दहा दिवस घ्यावी लागते. आणि २०१६ पासून एकदा घेतलेली जन्मभर चालते. साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते. गुरुजी ५९ वर्षांचे, थोडक्यात बसले.

हिवतापासाठी क्लोरोक्विन तिथे चालत नाही. मी दोघांना डॉक्सिसायक्लिन दिले. रोज एक, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आणि जंगलातून बाहेर पडल्यावरही पूर्ण चार आठवडे. "चार आठवडे, गुरुजी," असे मी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिले. कपड्यांचेही सांगितले. काळे आणि गडद निळे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर झेपावते. त्या जंगलांत तिला पकडण्यासाठी निळी-काळी फडकी टांगलेली असतात म्हणतात. झोपेचा आजार हिच्या चावण्यातून येतो. प्रवाशांना तो फार क्वचित होतो, पण मातकट रंगाचा सदरा घालायला काय जाते?

२०२४च्या जानेवारीअखेर मंडळी गेली.

त्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले होते. बाहेर पंधरा-वीस पेशंट, आतमध्ये एका लेकराचे कान पाहत होतो. मोबाईलवर गुरुजींचा चेहरा दिसू लागला, मागे पत्र्याची तिकोनी घरे आणि लख्ख ऊन. तिकडे साडेनऊ वाजलेले. (होरोंबोच्या त्या मुक्कामापर्यंत तिथल्या सरकारने २०२२ मध्ये इंटरनेट नेले आहे. आमच्या दवाखान्यात मागच्या खोलीत अजून रेंज येत नाही.)

"डॉक्टरसाहेब, पोरगी वापस आली. तिच्या पोटात दुखून राहिलं."

मग ती दिसली. चेहरा राखेसारखा. मध्यरात्री किबोहून निघाले, पहाटे तीनच्या सुमारास ५१०० मीटरच्या पुढे, जिथे हान्स मेयरच्या नावाची गुंफा आहे, तिथवर पोचले, आणि डाव्या बाजूला कळ आली. बरोबरच्यांचे म्हणणे, गॅस झाला, बरगडीत उसण भरली. वाटाड्या म्हणाला, पोले पोले, म्हणजे हळूहळू. पण ती थांबली. "काका, शिखराचे दिवे दिसत होते. म्हणजे पुढे गेलेल्या लोकांच्या डोक्यावरच्या बॅटऱ्या. रांगच्या रांग. मी पाहिलं आणि पाठ फिरवली." दुसऱ्या वाटाड्याला घेऊन ती किबोला आली आणि न थांबता होरोंबोला उतरली.

गटाच्या म्होरक्याचे म्हणणे पडले की आता ३७०० मीटरवर आली आहे, पॅरासिटामॉल घेऊन रात्रभर विश्रांती घेऊ दे, उद्या सगळ्यांबरोबर उतरेल. ऐकायला किती शहाणपणाचे! मला २०११चा तो फोन आठवला. सिरप घ्या, आराम पडेल.

मी तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. श्वासाबरोबर दुखणे वाढले आणि डाव्या खांद्यापर्यंत गेले. एवढे मला पुरे होते. म्हणालो, "उद्या नाही. आत्ता. आज रात्री ती मोशीच्या दवाखान्यात पाहिजे, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य सिकलसेल हे सांगायचं." म्होरक्या थोडा वाद घालू लागला. तेव्हा गुरुजी, ज्यांना मी तीस वर्षांत आवाज चढवताना पाहिले नाही, त्यांनी वर्गात ओरडावे तसे काहीतरी म्हटले आणि फोन कटला.

त्या रात्री मला झोप नव्हती. तपासलेले नाही, पोटाला हात लावलेला नाही, हजारो किलोमीटरवरून मी एका गटाचा कार्यक्रम मोडला होता. उसण निघाली असती तर? पहाटे निरोप आला. एकचाकी स्ट्रेचरवर बसवून तिला खाली आणले, संध्याकाळी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, नंतर स्कॅन. पाणथरीचा वरचा एक लहान भाग रक्ताविना गेला होता. ऑक्सिजन, सलाईन, वेदनाशामक. ऑपरेशनची गरज पडली नाही. तिथल्या डॉक्टरांना सिकलसेल शिकवावे लागले नाही. त्यांच्या वॉर्डात तो रोजचाच.

दोन दिवसांनी तिला सोडले आणि, मला न विचारता, बापलेक सफारीला गेले. विचारले असते तर मी नाही म्हटले असते. खडबडीत रस्त्याने जीपमध्ये उसळ्या खात फिरणे हा नुकत्याच दुखावलेल्या पाणथरीला इलाज नव्हे. पण वाईट झाले नाही, आणि गुरुजींनी सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो पाहिले. आपल्या बोरच्या जंगलात वाघाच्या एका पंजाच्या ठशासाठी सकाळ घालवणारा माणूस; तिथे सिंह गाडीच्या सावलीत येऊन झोपले. त्यांना सर्वांत मौज वाटली ती भाषेची. चपातीला चपाती, चहाला चाय, दुकानाला दुका आणि मोटारीला गारी म्हणतात. "अर्धी स्वाहिली मला आधीच येत होती," म्हणाले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघे परतले. इथे ही हकीकत संपायला हवी होती.

मार्चच्या सुरुवातीला वहिनी औषध न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, यांना तीन दिवसांपासून ताप आहे, थंडी वाजते, पॅरासिटामॉल चालू आहे, उन्हाळा लागला ना जी. मी विचारले, लाल शाईची गोळी? त्या गप्प. मुंबईला उतरल्यावर आठवडाभरात बंद. "आपल्याकडे फेब्रुवारीत मच्छर कुठं आहे, असं म्हणत होते."

मच्छर इथला नव्हताच. तो तिकडे चावून गेला होता. हिवतापाचा जंतू आधी यकृतात दडून वाढतो आणि निदान आठवडाभराने, कधी काही आठवड्यांनी रक्तात उतरतो. गोळी जी मारते ती त्या उतरलेल्याला. म्हणून तर चार आठवडे. मी मोटारसायकल काढून घरी गेलो. जागेवरच बोट टोचून चाचणी केली, फाल्सिपेरम. मधुमेही माणूस, साठीला आलेला, तिसरा दिवस. तासाभरात त्यांना सेवाग्रामला भरती केले. तीन दिवसांत ताप गेला. एक-दोन दिवस आणखी 'उन्हाळी ताप' म्हणून घालवले असते तर मेंदूपर्यंत गेला असता. परदेशातून, विशेषतः आफ्रिकेतून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगावे की मी अमुक ठिकाणी जाऊन आलो. डॉक्टर विचारेलच असे नाही. मीही दरवेळी विचारतो असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पवनारला ही गोष्ट नवी नाही, असे मी खाटेवरच्या गुरुजींना सांगितले. इथूनच १९५१च्या सप्टेंबरात विनोबा पायी दिल्लीला निघाले, पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले, आणि १९५२च्या डिसेंबरात बिहारमध्ये चांडिलला त्यांना गाठले ते हिवतापानेच. आधी औषध घ्यायला तयार नव्हते, लोकांनी फार विनवले तेव्हा घेतले. गुरुजी म्हणाले, "मग माझं काय चुकलं?" मी म्हणालो, "त्यांनी शेवटी घेतलं होतं."

आणखी एक गोष्ट मला त्या वॉर्डात बसून सुचली, आणि ती मुलीला फोनवर सांगितली. सिकलसेलचा दोष माणसात टिकला का, याचे उत्तर त्याच पूर्व आफ्रिकेत सापडले. अँथनी अॅलिसन नावाच्या डॉक्टरला दिसले की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवती, जिथे हिवताप फार, तिथेच वाहकही फार. उंच थंड भागात दोन्ही कमी. १९५४ साली त्याने दाखवून दिले की वाहकाला हिवताप जिवावर बेतण्याइतका होण्याची शक्यता पुष्कळ कमी असते. हजारो वर्षे ज्या मुलांना हे रक्त होते ती जगली. आपल्या विदर्भातही जंगल आणि हिवताप सोबतच होते. म्हणजे ज्या रक्ताने तिला डोंगरावरून खाली आणले, त्याच रक्ताचे कवच जंगलात तिच्या अंगावर होते आणि गुरुजींच्या नव्हते. (म्हणून वाहकांनी गोळी सोडायची नाही. कवच आहे ते जिवावरच्या आजारापासून. ताप त्यांनाही येतो.)

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे आईला सांगा. माझ्यापेक्षा तिला जास्त गरज आहे."

सांगितले. वहिनींनी ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. त्यानंतर महिनाभराने पुण्याच्या एका स्थळाची बोलणी सुरू झाली तेव्हा मुलीने स्वतःच, पहिल्याच भेटीत, मुलाला आपला अहवाल दाखवला आणि त्याचा मागितला. तो तपासून आला, त्याचे रक्त निर्दोष. म्हणजे त्यांच्या मुलांपैकी कोणी वाहक होईल, रोगी होणार नाही. बोलणी पुढे गेली की नाही हे मी इथे लिहिणार नाही, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे.

मात्र परवा वहिनी आल्या होत्या. गर्दी सरेपर्यंत बाकावर थांबल्या. आत येऊन म्हणाल्या, "धाकट्याचं रक्त पाहायचं राहिलं होतं जी. उपाशीपोटी आणू का, की जेवून चालते?"

जेवून चालते.